शिक्का वाचल्याशिवाय विमानाचं नाव घेऊ नकोस

दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या विमानाचा तुकडा मिळाला की तारेच्या ब्रशने घासू नकोस. मूळ रंग आणि शिक्के तिथेच जातात. साधं पाणी, मऊ ब्रश, मग टॉर्च तिरका धरून बघ. भागाचा क्रमांक ३०० ने सुरू होत असेल तर तो मूळचा स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मार्क १ म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या आराखड्यातला, ३४९ म्हणजे मार्क ५, ३६१ म्हणजे मार्क ९. पण मार्क ९ वरही ३०० चे भाग सर्रास असत, म्हणून आणखी तुकडे तपासून सगळ्यात नंतरचा क्रमांक शोध. मुकुट आणि ‘एएम’ (एअर मिनिस्ट्री, म्हणजे ब्रिटनचं हवाई खातं) छापलेली कॉकपिटमधली मीटरं अनेक विमानांत बसायची, त्यांवर विसंबू नकोस. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याप्रमाणे लष्करी विमान पडलेली जागा परवान्याशिवाय खणता येत नाही. हाड दिसलं तर तिथेच थांब आणि पोलिसांना कळव.