सातवा भाग वाचून मुलगा जेवत नाही

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गणपतीत शाळेला सुट्टी असते, मोठी माणसं पाहुण्यांत गुंतलेली असतात आणि कोपऱ्यात बसून जाडजूड पुस्तक संपवायला मुलांना याहून चांगले दिवस मिळत नाहीत. त्यामुळेच असेल, या महिन्यातली बरीच पत्रं एकाच विषयावर आली आहेत: जादूगार मुलं आणि त्यांचं युद्ध. त्यातली चार इथे घेते. 'हॅरी पॉटर'चा सातवा भाग ज्यांनी वाचलेला नाही त्यांनी पहिलं उत्तर सोडून पुढे जावं. कोण कोण मरतं ते त्यात सांगावं लागलं आहे.

बाई, नमस्कार. माझा मुलगा आठवीत आहे. गौरी-गणपतीत त्याने हॅरी पॉटरचा सातवा भाग पाच दिवसांत वाचून काढला. त्यानंतर दोन दिवस धड जेवला नाही, मोदकालाही हात लावला नाही. एका रात्री उठून आमच्या खोलीत येऊन झोपला. सासूबाई म्हणतात, असली पुस्तकं घरात नकोत, परत देऊन टाक. मी काय करू?
एक आई, देवगड

ताई, पुस्तक परत देऊ नका. निदान त्याच्या हातून काढून घेऊन तरी नकोच.

मी नऊ वर्षांची असताना पडवीत बसून 'श्यामची आई' वाचत होते. आई जाते तिथवर आले आणि हुंदके आवरेनात. आजीने पुस्तक घेतलं, "पुस्तक वाचून कोण रडता? ठेव ता थंय," म्हणाली आणि माळ्यावर टाकलं. तिने ते मायेनेच केलं. पण माझं रडू अर्धं राहिलं ते राहिलंच. शेवटची पानं मी दोन वर्षांनी शाळेतल्या पुस्तकांच्या पेटीतून घेऊन वाचली, तीसुद्धा लपून. साने गुरुजी दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९३५ सालापासून त्यांचं हे पुस्तक घराघरांत मुलांना रडवत आलं आहे, आणि त्यात मुलांचं काही बिघडलं असं कोणी म्हणत नाही. तुमच्या सासूबाईंनीही ते वाचलं असेल. त्यांना विचारा, त्या कुठे रडल्या होत्या.

आता मुलाकडे वळू. त्याला 'अरे, गोष्टच आहे ती' असं म्हणू नका. आपल्याकडे जत्रेत दशावताराचा खेळ होतो, पहाटे तीनला अभिमन्यू पडतो आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावतात. तो नट उजाडल्यावर तोंडाचा रंग पुसून पेटाऱ्यावर बसून चहा पिणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी त्यांना कोणी सांगत नाही, की आजी, नाटक आहे. सोळा वर्षांचं पोर मोठ्यांच्या युद्धात एकटं सापडलं, याचं ते रडू असतं.

सातव्या भागात हेच आहे. हॅरीच्या जादूच्या शाळेवर हल्ला होणार हे कळल्यावर तिथल्या शिक्षिका मॅकगोनॅगल बाई सतरा वर्षांखालच्या सगळ्या मुलांना बाहेर काढतात. कॉलिन क्रीव्ही नावाचा एक मुलगा मात्र गुपचूप परत येतो. दूध टाकणाऱ्या माणसाचा हा मुलगा. दुसऱ्या भागात गळ्यात कॅमेरा अडकवून हॅरीच्या मागे मागे फिरायचा, सगळ्यांना त्याचा कंटाळा यायचा. लढाई थांबते तेव्हा दोघं जण त्याला उचलून आणत असतात, आणि त्यातला एक म्हणतो की मी एकटाच नेईन त्याला. इतका तो हलका असतो. मी ३१ वर्षं वर्गात शिकवलं आहे. असा एक मुलगा प्रत्येक वर्गात असतो. ते पान वाचून मी पुस्तक मिटलं होतं आणि बराच वेळ खळ्यात जाऊन उभी राहिले होते.

तुमचा मुलगा याच पानावर अडला असेल असं नाही. फ्रेडवर अडला असेल. रुसून घर सोडलेला भाऊ ऐन लढाईत परत येतो, काहीतरी गमतीचं बोलतो, आणि फ्रेड हसत असतानाच भिंत कोसळते. मागे उरतो त्याचा जुळा भाऊ. किंवा डॉबी या बुटक्या एल्फच्या मरणावर अडला असेल. समुद्रकाठच्या घराशी हॅरी त्याच्यासाठी खड्डा खणतो. हातात जादूची कांडी असते, तरी तो फावडं घेतो आणि घाम गाळून हाताने खणतो. त्याचा मित्र रॉन आपले मोजे आणि बूट काढून त्या लहानग्या पावलांत घालतो. मेलेल्या माणसासाठी हाताने काहीतरी करावंसं वाटतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तेराव्या वर्षी मुलाला ते पुस्तकातून कळलं तर कळू द्या.

म्हणून आज रात्री जेवणं झाली की त्याला विचारा, कुठलं पान? आणि ते पान त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही मागचे सहा भाग वाचलेले नसले तरी चालेल. तो सांगेल कोण कोणाचा कोण. सांगता सांगता त्याचा आवाज भरून आला तर थांबा, पाणी द्या, पुन्हा वाचू दे. भूक आपोआप परत येते, हा माझा अनुभव आहे. झोपेचं मात्र लक्ष ठेवा. दोन-तीन आठवड्यांनंतरही तो रात्रीचा दचकून उठत असेल तर ते पुस्तकाच्या पलीकडचं काही असू शकतं. मग डॉक्टरांशी बोला.

आणखी एक गोष्ट त्याला विचाराच. याच भागात मॅकगोनॅगल बाईंच्या तोंडावर एक जण थुंकतो आणि हॅरी रागाच्या भरात त्याच्यावर बंदी असलेला, माणसाला वेदनेने पिळून काढणारा शाप सोडतो. आपला हॅरी. ते बरोबर केलं का त्याने? मुलाला यावर पुष्कळ बोलायचं असेल, आणि ऐकणारं कोणी अजून भेटलं नसेल.

माझी नात नऊ वर्षांची आहे. सिनेमे पाहून थेट शेवटचा भाग मागते. द्यावा का? आणि मराठीतून की इंग्रजीतून?
आजोबा, गुहागर

आजोबा, आत्ता नको. पहिल्या भागात हॅरी अकरा वर्षांचा होतो आणि शेवटच्या भागात सतरा. पहिला भाग १९९७ साली आला, सातवा २००७ साली. पहिल्या वाचकांना मोठं व्हायला दहा वर्षं मिळाली होती, तिला दोन-तीन तरी मिळू देत. 'हॅरी पॉटर आणि परीस' हा पहिला भाग मराठीत आहे, तो रोज रात्री एक प्रकरण असा तुम्हीच वाचून दाखवा. परीस हा शब्द तिला समजावून सांगायला तुम्हाला आवडेल. इंग्रजीचं पुढे ती स्वतः बघेल.

मी महाडजवळच्या एका शाळेत शिकवतो. सातवीची मुलं मधल्या सुट्टीत काठ्यांच्या कांड्या करून जादूगारांचं युद्ध खेळतात. एक गट 'शुद्ध रक्ताचा', दुसरा 'चिखल रक्ताचा'. दुसऱ्या गटात रोज तीच चार मुलं असतात आणि ती तीच का, हे मला कळतं. हे शिक्षकांच्या खोलीत काढलं तर 'पुस्तकावर बंदी घाला' असं ठरतंय. मला ते पटत नाही, पण गप्पही बसवत नाही.
एक शिक्षक, रायगड

सर, पत्र लिहिलंत ते बरं केलंत. शुद्ध-अशुद्ध त्या मुलांनी पुस्तकातून उचललेलं नाही. ते त्यांना घरी, गल्लीत आधीच मिळालेलं आहे. पुस्तकाने फक्त खेळायला नवं नाव दिलं. बंदी घातलीत तर नाव जाईल आणि गट तसेच राहतील.

पुस्तकात, आईबाप जादूगार नाहीत अशांना 'चिखल रक्ताचे' म्हणून हिणवतात. सातव्या भागात त्यांची एक चौकशी आहे. सत्ता उलटल्यावर जादूगारांचं मंत्रालय एक आयोग नेमतं. आईबाप जादूगार नाहीत अशा प्रत्येकाला बोलावून खुर्चीत बसवतात आणि विचारतात, ही कांडी तू कोणाकडून चोरलीस? समोर एक बाई बसलेली असते, ती रडत सांगते की मी चोरली नाही, अकराव्या वर्षी दुकानातून विकत घेतली, कांडीनेच मला निवडलं. तिचं ऐकून घ्यायला तिथे कोणी बसलेलंच नसतं. तो प्रसंग वर्गात सावकाश वाचून दाखवा. ज्यांना 'शुद्ध' गटात राहायला आवडतं त्यांनाही तिथे त्या बाईचीच बाजू घ्यावीशी वाटेल. लेखिकेने तो लिहिलाच तसा आहे. आणि सगळ्या शाळेत हुशार हर्मायनी आहे, तिचे आईवडील दातांचे डॉक्टर, जादूशी संबंध नसलेले. मुलं तिच्यावर जीव टाकतात. 'ती कुठल्या गटात?' एवढंच विचारा आणि थांबा.

मग मुलांना चवदार तळ्यावर घेऊन जा. तुम्हाला लांब जायचं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या माणसांसह त्या तळ्याचं पाणी प्यायले हे पाठ्यपुस्तकात असतं. त्यानंतर पंचगव्य ओतून ते तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं, हे मुलांना सहसा सांगितलं जात नाही. तळ्याच्या पायरीवर उभं राहून ते सांगा. हा शब्द खेळातला आहे की आपल्या गावातला, हे त्यांना तिथेच कळेल.

एक काळजी घ्या. त्या चार मुलांना उभं करून 'तुम्हाला कसं वाटतं' असं विचारू नका. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी हे केलं होतं, चांगल्या हेतूने, आणि तो मुलगा पुढे आठवडाभर शाळेत आला नाही. त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्याच्या आईने मला चहा दिला, पण ती काहीच बोलली नाही. बोलायचंच असेल तर 'शुद्ध' गटातल्यांना बोलतं करा. उत्तर त्यांनी द्यायचं आहे.

बाई, मी नववीत आहे आणि कादंबरी लिहिते. मालवणची सहा मुलं जादू शिकतात आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर युद्ध होतं. अडचणी तीन. इंग्रजी मंत्र भारी वाटतात, मराठी केले की मैत्रिणी हसतात. युद्ध जुलैमध्ये आहे, ते ठीक आहे ना? आणि नवव्या प्रकरणात मी नायिकेच्या मित्राला मारलं, पण मला सहन झालं नाही म्हणून बाराव्यात जिवंत केलं. पहिली दोन प्रकरणं सोबत पाठवते.
एक वाचक, मालवण

बाळा, दोन्ही प्रकरणं दोनदा वाचली. जेटीवरच्या मासळीच्या लिलावात मुलीला पहिल्यांदा माशांचं बोलणं ऐकू येतं आणि ती कानात बोटं घालते, हे फार सुंदर आहे. त्यातला एक शब्दही बदलू नकोस.

जुलैपासून सुरुवात करू. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि आषाढातल्या त्या समुद्रात किल्ल्यावर होडी जात नाही, हे तुला घरबसल्या दिसतं. तुझी मुलं मात्र 'होडीत बसून किल्ल्यावर गेली' अशी एका ओळीत पोचतात. ती ओळ खोड आणि तिथे एक अख्खं प्रकरण लिही. होडी कोणाची, ती बाहेर काढायला कोणाच्या बापाने नाही म्हटलं, कोणाला ओकारी झाली, खडकांमधून वाट कोणाला माहीत होती. जुलै बदलू नकोस, जुलैच तुझी सगळ्यात चांगली कल्पना आहे.

किल्ल्यावर पोचल्यावर पाणी लागेल. १६६४ साली किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं तो खारट समुद्रातला खडक, आणि त्याच्या पोटात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. वेढा पडला तर शत्रू आधी तिथेच जाईल. तुझ्या सहांपैकी विहिरीवर रात्री कोण जागं राहणार, ते ठरव. आणि ज्याला झोप लागेल त्याचं काय, तेही.

मंत्रांचं. तुझे मराठी मंत्र शाळेच्या प्रार्थनेसारखे झाले आहेत, म्हणून मैत्रिणी हसल्या. तू गाऱ्हाणं ऐकलं आहेस ना? 'बा देवा म्हाराजा' अशी सुरुवात झाली की देवळातली कुजबुज थांबते. एक जण मागणं मागतो आणि बाकीचे सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या लयीवर कोणी हसत नाही. शब्द तुझे नवे कर, देवाचे उचलू नकोस, पण लय ती घे. समज, तुझ्या जादूत मंत्र एकाने म्हणायचा आणि बाकी पाचांनी होकार द्यायचा, तरच तो लागू पडतो. मग ऐन लढाईत पाचांपैकी एक गप्प राहिला तर? तुझं युद्ध तिथे सुरू होईल.

जादूची काहीतरी झीजही दिसू दे. आरवलीच्या वेतोबाला लोक केवढाल्या चामड्याच्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, असं मानतात. तुझ्या मुलांचं काय झिजतं? पहिल्या प्रकरणात ती कानात बोटं घालते, तिथून धागा घे.

आता मित्र. तू त्याला परत आणलंस कारण तुझा जीव त्याच्यावर आहे. तो जीव असाच राहू दे, पण बारावं प्रकरण काढून टाक. त्याच्या जागी हे लिही: किल्ल्यावरून परत आलेले पाचही जण त्याच्या आईकडे जातात. तू लिहिलं आहेस की ती सुकट विकते. पावसात सुकटीचे डबे उघडून बघावे लागतात, दमट झाली का. ती तेच करत बसलेली असेल. दारात पाच मुलं बघून ती आधी मोजेल. मग ती काय म्हणेल ते मी सांगणार नाही, ते तुलाच ऐकू यायला हवं. सहन होणार नाही. तरी लिही, एका बैठकीत नको, तीन-चार दिवस घे, आणि त्या दिवसांत घरी कोणाला तरी सांगून ठेव की तू काय लिहिते आहेस.

पुढची प्रकरणं पाठवशील तेव्हा झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाठव. या वेळी पाकीट ओलं होऊन आलं आणि दुसऱ्या प्रकरणाचं शेवटचं पान मला उन्हात वाळवून वाचावं लागलं. मूळ वही तुझ्याजवळच ठेव.