वाचक विचारतात : मुखवटे, वीरगळ, मापं आणि मोट

नाशिक जिल्ह्यात शाळांच्या एखाद्या खोलीत, देवळाच्या ओवरीत, वाड्याच्या पडवीत गावच्या जुन्या वस्तू जमवण्याचं काम अनेकांनी हाती घेतलं आहे. त्यांच्या पत्रांत एक प्रश्न सारखा येतो : मिळालेली वस्तू स्वच्छ कशी करायची? आमचं म्हणणं असं की, वस्तूवरचा मळ, झीज, शेंदूर, हाताचा तुकतुकीतपणा हीच तिची कागदपत्रं आहेत. ती नीट वाचून होईपर्यंत ब्रश आणि पॉलिश बाजूला ठेवा. या महिन्यात सहा पत्रं निवडली आहेत.

आमच्या गावच्या बोहाड्याचे, म्हणजे देवांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, तीन जुने लाकडी मुखवटे संग्रहासाठी मिळालेत. खाली बारीक भुसा पडतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. जवसाचं तेल पाजून वरून ऑइलपेंट द्यावा, असं सुतार सांगतो. द्यावा का? — एक वाचक, सुरगाणा

देऊ नका, दोन्हीही नको. जवसाचं तेल हवेनं सुकून घट्ट होतं, काळपट पडतं, त्यावर धूळ चिकटते आणि एकदा लाकडात मुरलं की परत काढता येत नाही. शिवाय कीड लाकडाच्या पोटात असते, तिथवर तेल पोचतच नाही. ऑइलपेंटनं तर जुना रंग कायमचा झाकला जातो. मुखवट्यावर बहुधा एकावर एक रंगाचे थर असतात. ज्या ज्या वर्षी सोंग नव्यानं रंगवलं, त्या वर्षांची ती नोंद असते. पापुद्रा सुटलेल्या कडेला भिंगातून पाहिलंत तर हे थर मोजता येतात.

आधी कीड जिवंत आहे का ते बघा. मुखवटा काळ्या कागदावर ठेवा आणि १५ दिवस हलवू नका. कागदावर फिकट, पिठासारखा ताजा भुसा पडला आणि भोकांच्या कडा आतून स्वच्छ दिसल्या, तर भुंग्याचं काम चालू आहे. भोकं जुनी, कळकट आणि कागद कोरा असेल तर कीड बहुधा थांबलेली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा पाहा. मुखवटा डोक्यावर पेलायचा असल्यानं तो बऱ्याचदा हलक्या, मऊ लाकडाचा करतात. असल्या लाकडात पिष्ट (स्टार्च) भरपूर असतं आणि भुंग्याच्या अळीला तेच हवं असतं. मातीच्या नळ्या दिसल्या तर मात्र ती वाळवी. तिचा उगम मुखवट्यात नसतो, भिंतीत किंवा जमिनीत असतो, इलाजही तिथेच करावा लागतो.

कीड चालू असेल तर त्याच दिवशी मुखवटा बाकीच्या वस्तूंपासून वेगळा करा आणि जाड पॉलिथिनच्या पिशवीत बंद करा. रंग घट्ट असेल तर डीप फ्रीझर उत्तम. मुखवटा धुवट सुती कापडात गुंडाळा, पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीनं पक्कं बंद करा आणि उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. इथेच बहुतेकांची चूक होते. गार लाकूड उघड्यावर आलं की हवेतलं बाष्प त्यावर साचतं, रंग फुगतो आणि आठवड्याभरात बुरशी धरते. पिशवी बंद असली तर ते पाणी बाहेरच्या बाजूला जमतं.

तुमच्या मुखवट्यांचा रंग सुटतो आहे, म्हणून ते थेट फ्रीझरमध्ये घालू नका. थंडीनं लाकूड आणि रंग वेगवेगळे आकसतात, सैल पापुद्रा गळून पडतो. रंग आधी जागच्या जागी धरून ठेवावा लागेल. ते काम प्रशिक्षित संवर्धकाचं. फेविकॉल लावून ते घरी करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करा. तोवर मुखवटा तोंड वर करून, खाली कापडाची गादी देऊन आडवा ठेवा. गळलेला प्रत्येक तुकडा कागदाच्या पुडीत घाला आणि तो कुठून सुटला ते पुडीवर लिहा. डांबरगोळ्या रंगाला टेकतील अशा ठेवू नका, त्यांची वाफ रंगातली राळ मऊ करते.

मुखवटा कागदाच्या लगद्याचा असेल तर पाणी हा त्याचा पहिला शत्रू. ओल्या फडक्यानं पुसलात तर चिंचोक्याची खळ सुटते. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ उडवा, तीही फक्त रंग पक्का असेल तिथे.

आणखी एक, आणि आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. मुखवट्याची आतली बाजू साफ करू नका. कपाळाला टेकणारी चिंध्यांची गादी, घामाचे डाग, बांधायच्या दोरीची भोकं, नाचणारा कुठून पाहत होता ती फट, हे सगळं आतच असतं. नोंदवहीत आतलाही फोटो हवा. सोंग कोणाच्या घरात चालत आलं, संबळ-सनईवर त्याची चाल कशी, ते काढण्याआधी काय पूजा होते, हेही त्याच घरच्या माणसांकडून लिहून घ्या. मुखवटा अजून नाचवला जात असेल तर होळीनंतर बोहाड्यासाठी तो गावाला परत देण्याची अट लेखी ठेवा. कपाटात अडकलेला देव गावाला नको असतो, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

शेताच्या बांधावर कोरीव दगड आहे. खाली लढाई, वर पिंडीची पूजा. लोक शेंदूर लावतात, मागल्या वर्षी कुणीतरी चंदेरी ऑइलपेंटही दिला. शाळेत आणून धुऊन ठेवू का? — एक शिक्षक, सिन्नर

हा वीरगळ आहे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. गोंदेश्वराचं यादवकालीन देऊळ असलेल्या तुमच्या तालुक्यात असा दगड सापडणं नवल नाही. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना, मधे अप्सरा त्याला वर नेताना, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करताना आणि माथ्यावर कलश. चंद्र-सूर्य असतील तर अर्थ असा की, ते आहेत तोवर कीर्ती राहील. खालच्या चौकटीत गुरं कोरलेली असतील तर बारकाईनं बघा. गोधन वाचवताना मेलेल्याचा तो दगड असू शकतो. शेजारच्या दगडावर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड.

हलवू नका. जागेवरून निघालेला वीरगळ निम्मी माहिती गमावतो : कोणत्या शिवेवर होता, कोणत्या वाटेकडे तोंड होतं, शेजारी किती होते. वजनाचाही अंदाज घ्या. चार फूट उंच, दीड फूट रुंद, ९ इंच जाड काळा दगड साडेतीनशे किलोच्या घरात जातो. दोर सरकला तर कोरीव कड तुटते आणि माणसाचा पायही जातो. शिवाय शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतं. राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला फोटो आणि गट नंबरासह पत्र द्या. नांगरताना जमिनीतून काही मोलाचं निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हेही गावाला सांगून ठेवा.

ऑइलपेंट वाईट. दगडातली ओल त्याच्या थराखाली कोंडते, क्षार पृष्ठभागालगत साचतात आणि दगडाची साल सुटते. पण तो काढायला तारेचा ब्रश, ॲसिड किंवा कॉस्टिक वापरलंत तर रंगाबरोबर नक्षीही जाईल. पुढचा रंग थांबवणं एवढं काम आज तुमच्या हातात आहे. शेंदूर ही पूजा आहे, ती थांबवा असं आम्ही म्हणणार नाही. मात्र शेंदरात शिसं असतं. मुलांना हात लावू देऊ नका, लागला तर साबणानं धुवायला लावा.

अक्षरं असतील तर वाचण्यासाठी खडू, पीठ, तेल चोळू नका. रात्री टॉर्च दगडाच्या एका बाजूला, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरा आणि समोरून फोटो घ्या. नंतर टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन पुन्हा घ्या. दुपारच्या उन्हात सपाट वाटणारी ओळ अशा तिरक्या उजेडात उठून दिसते.

पायली, शेर, मापटं, चिपटं अशी मापं जमली आहेत. मुलांना समजेल अशी मांडणी कशी करावी? — निफाड

कोष्टक साधं आहे, शेरापर्यंत सगळं दुपटीनं चालतं : २ निळवी म्हणजे १ कोळवं, २ कोळवी म्हणजे १ चिपटं, २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली. म्हणजे पायलीत १६ चिपटी. किती पायल्यांचा मण, हे मात्र भागागणिक बदलायचं, म्हणून तो आकडा पुस्तकातून न उतरवता माप देणाऱ्या घरी विचारूनच लिहा.

प्रत्येक मापाचं आकारमान स्वतः मोजा. पाणी वापरू नका; लोखंडी माप गंजतं, लाकडी फुगतं, सांधा गळतो. कोरडी मोहरी काठोकाठ भरा, सरळ पट्टीनं वरचं निपटून काढा आणि खुणा असलेल्या लिटरच्या भांड्यात ओता. तीनदा करून सरासरी घ्या. माप ठोकू किंवा हलवू नका, दाणे बसले की आकडा फुगतो. मग तेच माप शीग लावून, म्हणजे काठावर रास करून, मोजा. सपाट आणि शिगेचं, हे दोन्ही आकडे पाटीवर हवेत, कारण देणंघेणं कधी सपाट मापानं तर कधी शिगेनं व्हायचं आणि त्यातला फरक माणसाच्या पोटाला कळायचा.

तुमच्या १६ चिपट्यांनी पायली भरली नाही तर घाबरू नका. ती मापं वेगवेगळ्या गावांची असतील, तसं लिहा. काठावर किंवा बुडाशी सरकारी शिक्का आहे का पाहा. लिटरचा शिक्का असेल तर माप मेट्रिक पद्धतीचं, म्हणजे १९५६ च्या कायद्यानंतरचं. ती पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली.

क्रमांक थेट वस्तूवर मार्करनं घालू नका. सुती फितीवर २०२५/३/१ असं लिहून ती सैल बांधा : वर्ष, त्या वर्षीची कितवी देणगी, त्यातली कितवी वस्तू. नाव लिहिताना देणाऱ्याच्या तोंडचाच शब्द आधी. बागलाणातली अहिराणी, पेठ तालुक्यातली कोकणा बोली आणि निफाडची मराठी यांत एकाच वस्तूला तीन नावं निघतील. तिन्ही लिहा.

पितळी समई, तांब्याचं घंगाळ आणि देवघरातले चांदीचे टाक प्रदर्शनात मांडायचे आहेत. चिंच लावून चकचकीत करावेत ना? — नाशिक शहर

वापरातली समई जरूर घासा, ती त्यासाठीच आहे. संग्रहातल्या वस्तू घासू नका. टाकावरचा काळेपणा म्हणजे चांदी आणि हवेतल्या गंधकाचा संयोग, घासताना त्याबरोबर थोडी चांदी जातेच. पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेल्या टाकात खंडोबाचा घोडा आणि पायाशी असलेला कुत्रा आधी झिजतो, मग टाक कोणाचा तेच ओळखू येत नाही. तांब्या-पितळेवर हिरवट डाग घट्ट असेल तर राहू द्या. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर तो क्षारांचा रोग आहे. ती वस्तू वेगळी काढा, कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा. चिंच, लिंबू, मीठ यांनी हा रोग वाढतो, विशेषतः मिठानं.

विहिरीचं पाणी ओढायची कातडी मोट आणि पेरणीची तिफण मिळाली, पण जोडायची कशी ते सांगणारं कुणी नाही. — दिंडोरी

सांगणारं कुणी नाही हे आम्हाला पटत नाही. तालुक्यात सत्तरी ओलांडलेले शेतकरी आहेत. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवून त्यांच्याच हातानं जोडून घ्या. त्याआधी भाग तपासा. तिफणीला दिंड हे आडवं लाकूड, त्यात बसवलेले तीन फण, जुवापर्यंत जाणारं इसाड, धरायचं रुमणं, आणि वर बी सोडायचं चाडं. चाड्याच्या तळाला तीन भोकं असतात, त्यांतून तीन नळ्या तीन फणांत उतरतात. चाडं सुटं आलं की कित्येक ठिकाणी ते ‘लाकडी वाटी’ म्हणून मांडलं जातं. तळ उलटा करून भोकं मोजा. दोन फणांतलं अंतर इंचांत नोंदवा, कोणतं पीक पेरायचे ते त्यावरून विचारता येतं.

मोटेचे दोन दोर वेगळे ओळखा. जाड नाडा तोंडाला, तो वरच्या चाकावरून जातो. बारीक सोंदूर सोंडेला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या खालच्या नळीला. मोट वर आली की सोंदूर सोंडेचं तोंड थारोळ्याकडे, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या कुंडीकडे, ओढून धरतो आणि पाणी त्यात पडतं. दोन्ही दोर एकाच चाकावरून टांगले तर मोट कशी रिकामी होत होती ते कुणालाच समजणार नाही.

कातड्याला एरंडेल पाजू नका. मोट चालू होती तेव्हा रोज भिजायची, वाकायची, म्हणून तेल लागायचं. आता ती लवायची नाही, तेल खवट होऊन धूळ धरतं. चुण्या जोरानं सरळ करू नका, कातडं तडकतं. आत धुवट मांजरपाटाच्या उशा भरून आकार द्या. कडबा भरू नका, त्यातून किडे येतात.

धान्य साठवायच्या बांबूच्या कणगीच्या शेणामातीला भेगा गेल्यात. पुन्हा सारवू का? — इगतपुरी

नको. ओलं सारवण जुन्या थराला मऊ करतं आणि वाळताना आकसून त्याला ओढून काढतं, आतल्या बांबूलाही ओल लागते. नवी कणगी विणून घ्या, ती मुलांसमोर सारवा आणि जुनीच्या शेजारी ठेवा. जुनी विटांवर, जमिनीपासून चार बोटं उंच आणि भिंतीपासून हातभर लांब हवी. जूनच्या आधी हे करून ठेवा.