सरकारी गाडीचे अ‍ॅव्हरेज : आधी लिटर मोजा

मार्च जवळ आला की खात्याखात्यांतून इंधनाचे हिशेब बाहेर निघतात आणि माझ्याकडे दरवर्षीचेच प्रश्न येऊ लागतात. एकेकाला वेगळे उत्तर धाडण्यापेक्षा यंदा सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

प्रश्न : आमच्या खात्याकडे बावीस गाड्या आहेत. केंद्राचे ‘कॅफे’ (कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापराचे) नियम आम्हाला लागू होतात का? अ‍ॅव्हरेज कमी पडले तर दंड होतो असे ऐकले. (कार्यालय अधीक्षक, पणजी)

नाही. हे नियम गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत. कंपनीने वर्षभरात विकलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या सगळ्या प्रवासी गाड्यांची मिळून सरासरी काढली जाते. २०१७-१८ पासून तिची मर्यादा दर किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड इतकी ठरली होती, २०२२-२३ पासून ११३ ग्रॅम. गाड्यांच्या वजनाप्रमाणे आकडा थोडा इकडे-तिकडे होतो. तुमच्या बावीस गाड्यांचा त्याच्याशी संबंध नाही. दंडाचे कोणी सांगितले असेल तर त्याच्याकडे लेखी आदेश मागा.

प्रश्न : आमची जीप सोळा वर्षांची आहे, पण इंजिन ठणठणीत आहे. नोंदणी वाढवून मिळेल का? (पंचायत सचिव, सत्तरी)

मिळणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद आहे, आणि स्थानिक स्वराज्य संस्था त्यात येतात. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था व अंतर्गत सुरक्षेच्या खास वाहनांना सूट आहे. पुढचे वाहतूक खात्याला विचारा, आणि तोवर जीप रस्त्यावर आणू नका.

प्रश्न : आमच्याकडे तीन गाड्या. एक २० देते, दुसरी १५, तिसरी जुनी जीप ७. सरासरी १४ धरून मी वर्षाचे पेट्रोल काढले, पण प्रत्यक्षात बरेच जास्त लागले. लेखापरीक्षक म्हणतात, चालकांनी पेट्रोल चोरले. चौकशी लावावी का? (लेखा कारकून, फोंडा)

चौकशी थांबवा. आधी कागद घ्या आणि माझ्याबरोबर आकडेमोड करा.

तिन्ही गाड्या महिन्याला प्रत्येकी हजार किलोमीटर धावल्या असे धरू. पहिलीला ५० लिटर, दुसरीला जवळपास ६७, जीपला १४३. एकूण २६० लिटर. तीन हजार किलोमीटरला २६० लिटर, म्हणजे खरी सरासरी साडेअकरा, चौदा नव्हे. चौदाने हिशेब केला तर २१४ लिटरच पुरायला हवेत. मधले ४६ लिटर कोणी चोरले नाहीत, ते तुमच्या भागाकारात हरवले आहेत.

आपण गाडीच्या किलोमीटर-प्रतिलिटरलाच ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतो, तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते. मग तीन अ‍ॅव्हरेजची बेरीज करून तिनाने भागणे कोणालाही साहजिक वाटते. पण ते आकडे असे मिसळत नाहीत, कारण जास्त पिणारी गाडी लिटरच्या हिशेबात जास्त जागा व्यापते आणि अ‍ॅव्हरेजच्या आकड्यात ती लहान दिसते. बरोबर पद्धत अमेरिकेने १९७५ च्या ऊर्जा कायद्यातच मांडली होती. तिथे केंद्र सरकारच्या खात्यांनी वर्षभरात घेतलेल्या प्रवासी गाड्यांच्या ताफ्याला किमान सरासरी ठरवून दिली आहे : गॅलनला १८ मैल किंवा त्या वर्षी लागू असलेले कंपन्यांचे मानक, यातले जे जास्त असेल ते. ती कशी काढायची हेही कायद्यात लिहिले आहे : एकूण गाड्या भागिले, प्रत्येक मॉडेलच्या गाड्यांची संख्या त्याच्या अ‍ॅव्हरेजने भागून आलेल्या आकड्यांची बेरीज. आपण वर केले तेच.

तुम्हाला सूत्रही नको. सगळ्या गाड्यांचे किलोमीटर एकत्र मिळवा, सगळे लिटर एकत्र मिळवा आणि एकदाच भागा. गाड्या कमी-जास्त धावल्या तरी उत्तर चुकत नाही.

आता मला खरी काळजी वाटते ती खरेदीची. पैसे आले की खाती वीस देणारी गाडी बदलून पंचवीस देणारी घेतात आणि टिपणीत ‘इंधन बचत’ लिहितात. हजार किलोमीटरला त्यात वाचतात दहा लिटर. तेच पैसे सातची जीप काढून दहा देणारे वाहन आणायला लावले तर ४३ लिटर वाचतात. दिसायला वाढ पाचाऐवजी तिनाचीच, पण बचत चौपट. सांगे-काणकोणच्या रस्त्यांवर जीपशिवाय चालत नाही हे मला मान्य आहे. म्हणूनच ती जीप पहिल्यांदा बदला, शेवटी नव्हे. नव्या वाहनाचा प्रस्ताव करताना दर शंभर किलोमीटरला किती लिटर हा रकाना घाला आणि लेखा विभागाशी बोलून तो कायमचा करून घ्या.

एका कार्यालयात अशाच चुकीच्या सरासरीवरून चालकाच्या पगारातून वसुली ठरली होती. कागदावर लिटर मांडून दाखवल्यावर ती रद्द झाली, पण तोवर तो माणूस चार महिने चोर म्हणून वावरला. आकडा तपासल्याशिवाय कोणाच्याही नावावर शेरा मारू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : कंपनीच्या पत्रकात २१ आहे, पर्वरी–मडगाव फेऱ्यांत १३ मिळते. कोणावर विश्वास ठेवायचा? (एक चालक, म्हापसा)

टाकीवर. पत्रकातला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्यात तुमची वाहतूक कोंडी नाही, चढ नाही आणि पाऊसही नाही. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर टिपा, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरा. असे तीन वेळा केले की गाडीचा स्वतःचा पाया, म्हणजे पुढे तुलना करायचा मूळ आकडा, मिळतो. साहेब बैठकीत असताना एसी चालू ठेवून गाडी उभी केली जात असेल तर तासाला अर्धा ते एक लिटर तिथेच जाते. तोही वेळ लॉगबुकात लिहा.

प्रश्न : पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक व टाकीत टाकायचे द्रव घेऊन विक्रेते येतात. तीस टक्के बचत म्हणतात. (भांडारपाल, वास्को)

घेऊ नका. इतक्या सोप्या उपायाने तीस टक्के वाचले असते तर कॅफेच्या दंडाला घाबरणाऱ्या कंपन्यांनी ते चुंबक कारखान्यातच बसवले असते. विक्रेत्याकडे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचा अहवाल मागा. एका चालकाचे ‘मला फरक जाणवला’ हे पत्र म्हणजे अहवाल नव्हे. शिवाय गाडीची वॉरंटी जाऊ शकते, म्हणून काहीही बसवण्याआधी अधिकृत सेवा केंद्राला विचारा.

प्रश्न : ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे अ‍ॅव्हरेज घटते का? जुने प्रमाण बदलावे का? (लेखा अधिकारी, डिचोली)

घटते, पण अफवांइतके नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि ई-१० साठी (दहा टक्के इथेनॉलसाठी) बनवून ई-२० ला जुळवलेल्यांसाठी १ ते २ टक्के घट धरली आहे. त्यामुळे जुन्या प्रमाणावरून कोणाला जबाबदार धरू नका, पाया नव्याने मोजा. गाडीला हे पेट्रोल चालते की नाही, ते मालकपुस्तिकेत पाहा किंवा सेवा केंद्रात विचारा.

प्रश्न : नव्या सरकारी गाड्या इलेक्ट्रिक घ्यायच्या, असे मुख्यमंत्र्यांनी २०२३ मध्ये जाहीर केले. आम्हाला एक मिळाली. पेट्रोल शून्य, मग अ‍ॅव्हरेज किती लिहू? (वरिष्ठ कारकून, मडगाव)

पेट्रोलच्या ताफ्यात ती मिसळूच नका. तिच्यासाठी वेगळे पान ठेवा आणि शंभर किलोमीटरला किती युनिट लागले ते लिहा. आकडा गाडीच्या पडद्यावरचा नको, चार्जिंगच्या मीटरचा हवा, कारण चार्ज होताना काही वीज वाया जाते आणि बिल त्याचेही येते. स्वतंत्र मीटरसाठी वीज खात्याशी आताच बोला. कॅफेत कंपनीची एक इलेक्ट्रिक गाडी तीन म्हणून मोजतात, ती सवलत कंपन्यांना उत्तेजन म्हणून आहे. तुमच्या नोंदवहीत एक गाडी एकच धरा, नाहीतर तिच्या आड जुनी जीप आणखी पाच वर्षे लपून राहील.

प्रश्न : चोर्ला घाट न्यूट्रलमध्ये उतरलो तर पेट्रोल वाचते ना? (एक चालक, वाळपई)

वाचत नाही. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप तुटते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. वर सगळा भार ब्रेकवर येतो. गिअरमध्येच उतरा, आणि पावसाळ्याआधी ब्रेक तपासून घ्या.