निकाल ठरलेला वाटला तरी चौकशीला जा

प्रश्न : चाकणच्या कारखान्यात अकरा वर्षं ऑपरेटर आहे. सुटे भाग चोरल्याच्या आरोपावरून माझी चौकशी लागली आहे. चौकशी अधिकारी कंपनीनेच नेमलाय. निकाल ठरलेलाच असेल, तर जाऊन काय उपयोग?

उत्तर : जा. एकही तारीख चुकवू नका. तुम्ही नसलात तर चौकशी एकतर्फी होते आणि कंपनीच्या साक्षीदारांचं म्हणणं खोडायला कुणी उरत नाही. पुढे कामगार न्यायालय आधी चौकशीचे हेच कागद उघडतं.

आरोप स्पष्ट हवा, साक्षी तुमच्यासमोर व्हाव्यात, उलटतपासणी करता यावी, स्वतःचे साक्षीदार आणता यावेत आणि निष्कर्षाला कारणं असावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने सूर एनॅमलच्या प्रकरणात १९६३ सालीच सांगितलं आहे. आरोपपत्रात नुसतं ‘चोरी’ असेल, तर कोणते भाग, किती, कोणत्या दिवशी, हे लेखी विचारा. कामकाजाचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका. चुकीचं लिहिलं असेल तर सहीच्या वरच हरकत नोंदवा आणि प्रत घ्या. तोंडी हरकतीला पुढे पुरावा राहत नाही, म्हणून एवढं बजावून सांगतोय.

वकील सहसा मिळत नाही. पण कंपनीची बाजू कायद्याचा जाणकार मांडत असेल, तर तुम्हालाही वकील मागता येतो. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या खटल्यातला १९८३चा निकाल तसा आहे. शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रत मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३च्या करुणाकर निकालानुसार खासगी कंपनीलाही ती द्यावी लागते.

प्रश्न : चार महिने निलंबित आहे, एक पैसा मिळालेला नाही.

उत्तर : स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींची कायद्याखालची नियमावली, लागू असलेल्या कारखान्यात कामगाराला पहिले ९० दिवस निम्मं वेतन आणि त्यानंतर ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो, उशीर तुमच्यामुळे झालेला नसावा, एवढीच अट. २४,००० वेतन असेल तर आधी १२,०००, मग १८,०००. आजच लेखी मागणी करा. गाडीभाड्यालाही पैसे नसल्याने तारखेला जाता येत नसेल, तर तेही त्याच अर्जात लिहा. भत्ता न देता उरकलेली एकतर्फी चौकशी सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली पॉल अँथनी प्रकरणात टिकू दिली नाही.

प्रश्न : हिंजवडीत टीम लीड आहे. एचआरने दोन तास केबिनमध्ये बसवून राजीनामा मागितला.

उत्तर : सही करू नका, विचाराला वेळ मागा आणि घडलेलं सगळं त्याच दिवशी मेलवर कळवा. सही झालीच असेल, तर ती दबावाखाली घेतल्याचं ताबडतोब लिहून राजीनामा मागे घ्या. व्यवस्थापकांना कामगार न्यायालयात सहसा जाता येत नाही, पण तुम्ही त्यात मोडता का, हे ‘लीड’ या नावावर ठरत नाही. रोज प्रत्यक्ष काय काम करता, त्यावर ठरतं.