लायसन्स घरी राहिलं, मोबाइलमधलं दाखवलं तर ट्रॅफिक पोलिसांना चालतं का?

हो, चालतं; सरकारच्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन्स आणि आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ नोव्हेंबर २०१८ मध्ये बदलला, तेव्हापासून कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. पण गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर मागवलेला स्कॅन त्यात बसत नाही. डिजिलॉकरमध्येही स्वतः अपलोड केलेली पीडीएफ नको, ‘इश्यूड’खाली सरकारी खात्याकडून थेट आलेलीच प्रत दाखवा. बरेच जण नेमके इथेच अडकतात. जुनं, पुस्तकाच्या आकाराचं लायसन्स ऑनलाइन चढलेलं नसेल तर ॲपमध्ये सापडणारच नाही. आधी आरटीओत त्याची बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसन्सची ऑनलाइन नोंद, करून घ्या. आणि घाटात रेंज जाते, म्हणून निघण्याआधीच फाइल डाउनलोड केलेली बरी.