रात्री दोन वाजता कुणाला उठवाल?

पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली छोटी गाठ, काढून पेशंट घरी आला की आठवड्याभरात घरच्यांचा फोन येतो आणि प्रश्न थोड्याफार फरकानं एकच असतो, "मॅडम, डॉक्टर म्हणाले सगळं नीट झालंय, मग हे असे का बसून राहायलेत? जेवत नाहीत, बोलत नाहीत." त्यावर मी अण्णांचं सांगते. नाव बदललंय, परवानगी घेतलीय.

अण्णा ५६ वर्षांचे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. शौचातून रक्त जायचं म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी केली, मोठ्या आतड्यात १२ मिमीचा, म्हणजे हरभऱ्याएवढा पॉलिप निघाला, तो तिथंच तारेचा फास टाकून काढला, तुकडा तपासणीला पाठवला आणि संध्याकाळी घरी सोडलं.

सहाव्या दिवशी काकू त्यांना घेऊन माझ्याकडे आल्या. एप्रिल महिना, भर दुपार, अण्णांचे ओठ सुकलेले, सहा दिवस माणूस जवळजवळ पेजेवर आणि चहावर. डॉक्टरांनी दोन दिवस हलकं खा, मग नेहमीचं सुरू करा असं सांगितलेलं. मी विचारलं, भाकरी का नको? बराच वेळ गप्प बसले, मग खाली बघत म्हणाले, "आमच्यात कडक भाकरी असती मॅडम, जखमेला घासली म्हंजे?"

कुणाला हसू येईल, पण विचार करा, सहा दिवस माणूस हे मनात घेऊन ताटापासून उठतोय आणि घरात कुणाला माहीतच नाही. मी डॉक्टर नाही, पेशंटशी आणि घरच्यांशी बोलायचं काम माझं, औषधपाण्यात पडत नाही, पण एक कागद घेतला, पोट काढलं, आतडी काढली आणि दाखवलं की भाकरी भाकरी म्हणून तिथवर पोचतच नाही, लहान आतड्यातच तिचं पार पातळ होतं, मोठ्या आतड्यात पाणी शोषलं जातं आणि मग त्याला घट्टपणा येतो. त्यात तुम्ही पाणी कमी प्यायलं, जेवण सोडलं, वर सोलापूरचा उन्हाळा, मग खडा धरणार आणि कुंथावं लागणार, त्या जागेला ते जास्त वाईट. अण्णांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. त्या रात्री आमटीत भाकरी कुस्करून खाल्ली असा काकूंचा फोन आला.

आणखी एक गोष्ट त्यांना खात होती, ती म्हणजे दुखतच नव्हतं. कापलंय आणि दुखत नाही म्हणजे आत काहीतरी वाईट चाललंय असं त्यांचं गणित. खरंतर आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, गॅसनं ताण बसला तर कळते, म्हणून पहिल्या दिवशी पोट फुगून कळा आल्या आणि नंतर काहीच नाही. आणि तो एक शब्द, जो त्यांनी उच्चारलाच नाही, "ती गाठ म्हंजे तसलंच ना?" एवढंच म्हणाले. बहुतेक पॉलिपचा कॅन्सर होत नाही, ज्यांचा होतो त्यांनाही साधारण १० वर्षं लागतात, म्हणूनच दिसला की काढून टाकतात, हे सांगितल्यावर काकूंनी पदरानं डोळे पुसले, अण्णा नाही रडले.

मला त्या दिवशी वाटलं काम झालं. नव्हतं झालं. एक गोष्ट मी विचारलीच नव्हती.

नवव्या दिवशी रात्री दोनला अण्णांना शौचाला लागली आणि लालभडक रक्त, गाठींसकट. बादलीभर पाणी ओतलं आणि गप येऊन झोपले. साडेतीनला परत. परत गप. पहाटे नळाला पाणी आलं, आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या वेळी घरात कुणी झोपत नाही, अण्णा सवयीनं उठले, घागर उचलली आणि बॅरलच्या काठाला धरून तसेच उभे राहिले. काकू म्हणाल्या, लाईटच्या उजेडात तोंड चुन्यासारखं पांढरं दिसलं. लगेच रिक्षानं हॉस्पिटल, पुन्हा दुर्बीण, रक्त येत होतं तिथं क्लिप लावली, दोन दिवसांत घरी आले. ती क्लिप नंतर आपोआप गळून जाते.

जखमेवरची खपली सुटताना असं रक्त येऊ शकतं, बऱ्याचदा पहिल्या दोन आठवड्यांत. सगळ्यांना होत नाही, थोड्यांना होतं, पॉलिप मोठा असेल तर शक्यता जास्त. दोन आठवडे जड उचलू नका, दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका हे डिस्चार्जच्या कागदावर होतं की, पण कागद इंग्रजीत आणि फाईल कपाटात.

पुन्हा आले तेव्हा मी विचारलं, अण्णा, काकूंना का नाही उठवलं? तेव्हा कळलं की चौथ्या दिवशी सुनेनं, बिचारीनं रक्त वाढावं म्हणून, बीटाचा ज्यूस दिला होता, दुसऱ्या दिवशी शौच लाल झाली, अण्णा ओरडले, गल्ली गोळा झाली, हॉस्पिटलला जाऊन बघतात तर बीट. घरी आल्यावर पोरगा वैतागून म्हणाला, "अण्णा, उगं घाबरवून सोडता राव." पोराच्या लक्षातही नाही. अण्णांच्या मात्र ते मनात बसलं. "परत बीटच निघालं असतं तर, मॅडम?" आणि थोड्या वेळानं, "सुनेसमोर काय सांगायचं, रक्त कुठनं आलं म्हणून?"

त्या दिवशी मी पोराला आणि सुनेला पण बोलावून घेतलं. पोराला सांगितलं की बीट निघालं तरी तुम्ही पळालात ते बरोबरच होतं, तसंच पुन्हा पळायचं. डिस्चार्जचा कागद त्यानं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावला, की पुसताना एखादा डाग दिसला, गॅस झाला तर थांबून बघायचं, पण पुन्हापुन्हा रक्त, रक्ताच्या गाठी, डांबरासारखं काळं शौच, ताप, पोट दगडासारखं होणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर किती वाजले ते बघायचं नाही. खाली डॉक्टरांचा नंबर. घागरी पोरानं उचलायच्या.

आता पॉलिपचा कुठलाही पेशंट आला की माझा पहिला प्रश्न हाच असतो, रात्री दोन वाजता रक्त दिसलं तर घरात कुणाला उठवाल? नाव घ्यायला लावते. काही पुरुषांना दहा मिनिटं लागतात.

अण्णांचा रिपोर्ट आला, अॅडिनोमा, म्हणजे पुढं कधी कॅन्सर होऊ शकतो अशातला पॉलिप, पण आत्ता कॅन्सर नाही, तीन वर्षांनी परत दुर्बीण. डॉक्टरांनी भावंडांना आणि पोराला पण हे त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगितलंय, अण्णांनी अक्कलकोटच्या भावाला स्वतः फोन केला. काकू सांगत होत्या, हल्ली सून सकाळी चहा देताना विचारते, "अण्णा, आज कसं?" आणि अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "साफ."