४एस आधी भरतो, मग आधी रिकामा का होतो?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: लोखंडात ४एस आधी भरतो, ३डी नंतर (४एस, ३डी ही कक्षकांची, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या जागांची नावं). मग फेरस आयन, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड, होताना शेवटी आलेले ३डीतले इलेक्ट्रॉन आधी जायला हवेत. पुस्तक मात्र म्हणतं, ४एसमधले दोन जातात. क्लासमध्ये विचारलंस तर 'नियम आहे, पाठ कर' असं ऐकावं लागलं.

सोलापुरात मी २६ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, आणि सुरुवातीला मीही हेच उत्तर देऊन मोकळा व्हायचो. त्यामुळे त्या सरांवर फार रागवू नकोस.

आधी हायड्रोजन. तिथे इलेक्ट्रॉन एकटाच, म्हणून ऊर्जा फक्त एनवर, म्हणजे कक्षकाच्या नावातल्या आकड्यावर, ठरते: उणे १३.६ भागिले एनचा वर्ग, इतके इलेक्ट्रॉन व्होल्ट. ३एस, ३पी, ३डी सगळे जवळपास एकाच पातळीवर. दुसरे इलेक्ट्रॉन आले की हा सारखेपणा मोडतो. एस कक्षकाचा थोडा भाग थेट केंद्रकापर्यंत पोचतो, त्याला आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा कमी लागतो, म्हणून तो खाली जातो. पुरावा घरात आहे. आमटी उतू जाऊन गॅसवर पडली की ज्योत पिवळीजर्द होते ना? तो मिठातला सोडियम. त्याचा इलेक्ट्रॉन ३पीवरून ३एसवर उतरतो आणि ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश देतो. सोडियममध्येही या दोन पातळ्या एकच असत्या तर तो पिवळा रंग दिसलाच नसता.

आता मुद्द्याचं. गोंधळ सगळा 'भरतो' या शब्दात आहे. तक्त्यातला क्रम वाचताना वाटतं, एकच अणू घेतला आणि त्यात एकेक इलेक्ट्रॉन सोडत गेलो. तसं नसतं. पोटॅशियमवरून कॅल्शियमवर, तिथून स्कँडियमवर जाताना दर वेळी केंद्रकात प्रोटॉनही वाढतो, आणि पातळ्या हलतात. (या भरण्याच्या क्रमाला आउफबाऊ तत्त्व म्हणतात. आउफबाऊ हे कुणाचं नाव नव्हे! 'आउफबाऊ या शास्त्रज्ञाने' असं उत्तरपत्रिकेत दरवर्षी वाचायचो. जर्मन शब्द आहे, अर्थ 'उभारणी'.)

खरी गंमत इथे आहे. तिघांकडे १९च इलेक्ट्रॉन आहेत: पोटॅशियम अणू, एक इलेक्ट्रॉन गमावलेला कॅल्शियम, दोन गमावलेला स्कँडियम. प्रोटॉन अनुक्रमे १९, २०, २१. पहिल्या दोघांत एकोणिसावा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये असतो. स्कँडियमच्या आयनात तो ३डीमध्ये असतो. केंद्रकाचा भार वाढला तसा ३डी आक्रसला आणि ४एसच्या खाली गेला. म्हणजे स्कँडियमपासून पुढे ३डीच खालचा.

मग स्कँडियमचे तिन्ही इलेक्ट्रॉन ३डीत का जात नाहीत? कारण ३डी आटोपशीर आहे, तिथे इलेक्ट्रॉन एकमेकांना जोरात ढकलतात. गड्ड्याच्या यात्रेला आमच्याकडे पाहुणे यायचे तेव्हा असंच व्हायचं. जानेवारीतली थंडी, आतली खोली उबदार पण एवढीशी. एकाला उत्तम, तिघं कोंबले तर कुणालाच झोप नाही. मग दोघं पडवीत. पडवी काही जास्त उबदार नव्हती, पण सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर तेच बरं. अणूसुद्धा एकूण ऊर्जेचाच हिशेब बघतो. (उपमा इथेच सोडून दे. इलेक्ट्रॉन पाहुण्यासारखा एका जागी पडून राहत नाही, तो त्या कक्षकभर पसरलेला असतो.)

आणि पहाटे कुणी निघायचं झालं तर पडवीतले आधी. लोखंडात ३डीमध्ये सहा, ४एसमध्ये दोन. ते बाहेरचे दोन गेले की फेरस. आणखी एक गेला, तो ३डीतला, की फेरिक, ३डीमध्ये पाच.

एन अधिक एलचा नियम (एल म्हणजे एसला ०, पीला १, डीला २; बेरीज कमी तो कक्षक आधी भरतो) टाकून देऊ नकोस, उदासीन अणूची मांडणी लिहायला तो बहुतेक ठिकाणी चालतो. क्रोमियम आणि तांबं तेवढं लक्षात ठेव, तिथे ४एसमध्ये एकच असतो.

आता तू करून बघ: कॅल्शियम अणू, एक गमावलेला स्कँडियम, दोन गमावलेलं टायटॅनियम. तिघांकडे २० इलेक्ट्रॉन. शेवटचे दोन कुठे असतील ते कारणासकट लिही, इथेच टाक. संध्याकाळी तपासतो.